सर्दी-तापाची गोळी घेण्याआधी स्ट्रिप उलटून वाचा

इंदुरात ऑक्टोबर लागला की दुपार उन्हाळ्याची आणि पहाट थंडीची असते. रात्री उशिरापर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत खाणं, सकाळी गार वाऱ्यात गाडीवरून कामाला, आणि दोन-तीन दिवसांत घरातली निम्मी माणसं शिंकायला लागतात. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतरही हाच प्रकार. मग मेडिकलच्या काउंटरवर मागणी येते, "सर्दी-तापाचं काहीतरी द्या." देणारा देतो. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून येताना आणखी एक स्ट्रिप आणतो, कारण तिची जाहिरात त्याला पाठ असते. शेजारच्या काकू स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी देऊन जातात, "मला तर हिनेच आराम पडतो." रात्री घरात तीन नावांच्या गोळ्या जमतात आणि पुष्कळदा तिन्हींत एक औषध सारखंच असतं.

मी औषधाच्या दुकानात बसतो, त्यामुळे हा घोळ रोज बघतो. माझं सांगणं एकच आहे : ब्रँडचं नाव बाजूला ठेवा, स्ट्रिप उलटा आणि घटक वाचा. ही सवय लागली की पुढचं सगळं सोपं जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचे आकडे एरवी धडधाकट असलेल्या माणसांसाठी आहेत. किडनी, लिव्हर किंवा हृदयाचा जुना आजार असेल, पोटात अल्सर होऊन गेला असेल, घरात कुणी गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

आधी डबा उपडा करा

फ्रिजवर बिस्किटांचा जुना डबा असतो, त्यात गोळ्या, बँडेज, थर्मामीटर आणि कुणाच्या तरी दाढेच्या वेळी उरलेल्या चार कॅप्सूल. तो डबा टेबलावर ओता. चष्मा लावा, मोबाइलचा टॉर्च घ्या. प्रत्येक स्ट्रिपच्या मागे मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. तो बघून ढीग करत जा.

पहिला ढीग नुसत्या पॅरासिटामॉलचा : क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, पॅसिमॉल वगैरे. नावं वेगळी, औषध एक. फरक फक्त ५०० की ६५० एवढाच.

दुसरा ढीग सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांचा. यांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड आणि ॲस्पिरिन येतात. डॉक्टरी भाषेत या सगळ्यांना मिळून एनएसएड म्हणतात. इथे नीट बघा, कारण यातल्या बऱ्याच गोळ्या जोडगोळ्या आहेत. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनबरोबर ३२५ पॅरासिटामॉल असतं. झेरोडॉल-पी किंवा हायफेनॅक-पीमध्ये १०० एसिक्लोफेनॅकबरोबर ३२५ पॅरासिटामॉल. दुखण्याच्या गोळीच्या नावामागे 'पी' किंवा 'प्लस' दिसलं की पॅरासिटामॉल आत असल्याची शंका घ्यायची आणि मागचं वाचायचं.

तिसरा ढीग सर्दीच्या मिश्रणांचा : सिनारेस्ट, विक्स ॲक्शन ५००, डी-कोल्ड टोटल, चेस्टन कोल्ड आणि त्यांची भावंडं. यांतही पॅरासिटामॉल असतंच, वर नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन, आणि शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, नाहीतर कॅफिन. सॅरिडॉन डोकेदुखीची म्हणून वेगळी वाटते, पण तिच्यातही प्रोपिफेनाझोन आणि कॅफिनच्या जोडीला पॅरासिटामॉल आहे.

त्या दाढेच्या कॅप्सूल म्हणजे अँटिबायोटिक. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. सर्दी विषाणूने होते, अँटिबायोटिकचा तिच्यावर काडीचा उपयोग नाही. काढून टाका. लाल रेघ दुसऱ्या ढिगातल्या बऱ्याच गोळ्यांवरही दिसेल. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड काउंटरवर सहज मिळतात म्हणून ती बिनचिठ्ठीची औषधं ठरत नाहीत.

आणि कापलेल्या स्ट्रिपा. दोन गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्री चालवतो, मुदतीची तारीख छापलेला तुकडा दुकानात राहतो आणि तुमच्याकडे नुसता चकचकीत कागद येतो. वर्षभराने ती गोळी कसली आणि कधीची, कुणाला कळत नाही. मला विचाराल तर साध्या पॅरासिटामॉलची पूर्ण स्ट्रिप घ्या, महाग नसते. सुट्याच घ्यायच्या असतील तर तारखेच्या बाजूच्या मागा, नाहीतर पूर्ण स्ट्रिपचा तिथल्या तिथे फोटो काढा. ज्यावरचं काही वाचता येत नाही ते घरात ठेवू नका.

पॅरासिटामॉलचा हिशेब

तापासाठी आणि साध्या दुखण्यासाठी सुरुवात याच औषधाने करावी. पोटाला त्रास कमी, रिकाम्या पोटीही चालतं, बहुतेक वयांत चालतं. म्हणूनच ते निष्काळजीपणे घेतलं जातं.

प्रौढ माणसाने एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घ्यावं, पुढची गोळी सहा तासांनी. फारच वाटलं तर चार तासांनी, त्याआधी नाही. वजन ५० किलोच्या वर असलेल्या निरोगी माणसाला २४ तासांत सगळीकडून मिळून ४,००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. स्वतःच्या मनाने घेताना मी ३,००० च्या पुढे जाऊ नका असं सांगतो. रोज दारू घेणारे, कावीळ किंवा लिव्हरचा त्रास झालेले, नीट जेवत नसलेले, यांना २,००० सुद्धा डॉक्टरांना विचारूनच. पंचेचाळीस किलोच्या आजीला घरच्या तरण्या मुलाइतक्या गोळ्या चालत नाहीत, हे तर कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आता सुरुवातीच्या त्या घराचा हिशेब मांडू. सर्दीची मिश्रणगोळी दिवसातून तीनदा, प्रत्येकीत ५०० : झाले १,५००. ताप उतरत नाही म्हणून ६५० ची गोळी तीनदा : १,९५०. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम दोनदा : ६५०. बेरीज ४,१००. या माणसाने एकही गोळी वावगी घेतली असं त्याला वाटणार नाही. प्रत्येक औषध आपापल्या नियमाने घेतलं, आणि तरी मर्यादा ओलांडली. असं लागोपाठ तीन-चार दिवस चाललं, त्यात जेवण तुटलेलं असलं, तर लिव्हरवर भार येतो.

म्हणून दाराला किंवा फ्रिजला एक कागद लावा. त्यावर वेळ, गोळी आणि तिच्यातलं पॅरासिटामॉल किती, एवढं लिहायचं. घरात देणारे हात दोन असले, सकाळी सून आणि रात्री मुलगा, तर हा कागद हवाच. २४ तास मोजायचे ते आत्तापासून मागे, रात्री बारापासून नाही.

गोळी घेतल्यावर अर्धा ते एक तास लागतो. वीस मिनिटांत पुन्हा थर्मामीटर लावून "काही फरक नाही" म्हणत दुसरी घेऊ नका. ताप १०३ वरून १०१ वर आला, माणूस उठून बसला, दोन घास खाल्ले, की गोळीने तिचं काम केलं. अंकाला ९८.६ वर आणण्याचा हट्ट धरायचं कारण नाही. १००.४ फॅरेनहाइटच्या खाली तर ताप म्हणतही नाहीत. काखेत मोजलं तर तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दिसतं, तेही लक्षात असू द्या.

दुखण्याच्या गोळ्या : कुणी हात लावू नये

आयबुप्रोफेन आणि त्याच्या घराण्यातल्या गोळ्या लचक, दाढदुखी, पाळीतलं दुखणं यांवर पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरतात, यात वाद नाही. पण त्यांचे तीन शत्रू आहेत : रिकामं पोट, सुकलेलं शरीर आणि काही चालू औषधं.

रिकाम्या पोटी घेतल्या की पोटाच्या अस्तराला त्रास होतो, कधी रक्तस्रावही. चतुर्थीचा कडक उपास करून संध्याकाळी डोकं धरलं म्हणून कॉम्बिफ्लाम घेणारे मी पाहतो. उपासाच्या दिवशी गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल घ्या, नाहीतर आधी काही खा. काळं शौच, उलटीत कॉफीच्या चुऱ्यासारखं काही दिसलं, तर गोळी बंद आणि थेट दवाखाना.

मे महिन्याच्या उन्हात फिरून आलेला माणूस, जुलाब-उलट्यांनी गळलेला माणूस, यांच्या शरीरात पाणी कमी असतं. अशा वेळी या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. आधी पाणी, ओआरएस, ताक. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल.

तिसरा मुद्दा काउंटरवरच्या बोलण्यातून सांगतो, असं संभाषण आठवड्यातून एकदा तरी होतंच.

"दादा, ह्यांना ताप आहे, कंबर धरलीय. कॉम्बिफ्लाम द्या, तिने लवकर उतरतो."

"काकू, काकांना बीपीची गोळी चालू आहे ना?"

"हो, आणि ती रक्त पातळ करायची पण. अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून."

"बीपीच्या गोळीचं नाव आठवतंय?"

"टेल्मी काहीतरी. एच आहे शेवटी."

टेल्मीच्या शेवटी एच म्हणजे टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलं की तिघं मिळून किडनीला अडचणीत आणतात, शिवाय बीपीही वर जातं. रक्त पातळ करणारी इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना ही गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, आणि आयबुप्रोफेन तर इकोस्प्रिनच्या कामातच आडवं येऊ शकतं. काकांना पॅरासिटामॉल, कमरेला शेक, आणि दोन दिवसांत फरक नसेल तर डॉक्टर. काकू नाराज होऊन जातात. जाऊ देत.

याखेरीज दमेकऱ्यांपैकी काहींना या गोळ्यांनी धाप लागते. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, त्या टाळायच्याच. साठीच्या पुढे शक्यतो नको. बिनचिठ्ठीने घ्यायच्याच तर आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसाला १,२०० च्या आत, तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि एका वेळी या घराण्यातली एकच. सकाळी व्होवेरान (डायक्लोफेनॅक) आणि दुपारी ब्रुफेन (आयबुप्रोफेन) हा दुप्पट मार आहे, दुप्पट आराम नाही.

मुलींच्या दप्तरात पाळीच्या दुखण्यासाठी मेफ्टाल-स्पास असतेच, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं. २०२३ च्या अखेरीस औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सावधगिरीची सूचना काढली : क्वचित कुणाला अंगभर पुरळ, ताप, गाठी आणि आतल्या अवयवांना इजा अशी तीव्र ॲलर्जी होते, आणि ती गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवू शकते. घाबरून जायचं कारण नाही. पुरळ आणि ताप एकत्र आले तर "महिन्याभरात हे घेतलं होतं" असं डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

डोकेदुखीची एक वेगळी गंमत आहे. मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल पंधरा किंवा अधिक दिवस असं काही महिने घेतलं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. सकाळच्या चहाबरोबर सॅरिडॉन घेणाऱ्यांनी कॅलेंडरवर खुणा करून बघाव्यात.

पावसाळ्यानंतरचा ताप

ऑगस्ट ते नोव्हेंबर इंदुरात डेंग्यूचे दिवस असतात. या काळात नाक वाहत नाही, घसा धरत नाही, नुसता चढा ताप, डोळ्यांमागे दुखणं आणि हाडं मोडल्यासारखं अंग, असं असेल तर तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज काहीही घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन रक्त गोठण्यात अडथळा आणतात. विरघळणारी डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणखी एक फसवी बाब. डेंग्यूचे धोक्याचे दिवस ताप उतरताना येतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. ताप गेला म्हणून घरचे निवांत होतात आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, हातपाय गार पडतात. यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका.

सर्दीच्या मिश्रणगोळ्या

माझं स्पष्ट मत : बहुतेकांना यांची गरज नसते. सर्दी आठवड्याभरात जाते, गोळी घ्या किंवा नका घेऊ. चारपैकी एक तक्रार असताना तीन औषधं का गिळायची? नाक वाहतंय तर सेटिरिझिन रात्री. ताप आहे तर पॅरासिटामॉल. नाक चोंदलंय तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब.

फिनाइलेफ्रिनचं सांगायचं तर २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने एकमताने निष्कर्ष काढला की तोंडाने घेतलेलं फिनाइलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. फायदा नाही, आणि बीपीवाल्यांनी सांभाळून राहायचं ते वेगळंच. ओट्रिव्हिन किंवा नॅसिव्हियॉनसारखे थेंब मात्र लगेच काम करतात. त्यातच मेख आहे. पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की थेंब उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि महिनोन्‌महिने बाटली उशाशी राहते. तीन दिवस, फार तर पाच, मग बंद.

क्लोरफेनिरामिन आणि ॲव्हिलने झोप येते, सेटिरिझिननेही काहींना. गोळी घेऊन रस्त्यावरच्या गर्दीत स्कूटर चालवू नका, आणि त्यावर संध्याकाळी पेग तर नकोच. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अशा गोळीने अडते. काचबिंदू असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

लहान मुलं

इथे घाई करू नका, सावकाश वाचा.

मुलाचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त चारदा. म्हणजे १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम.

आता दुकानात जा. एका बाटलीवर ५ मिलीत १२०, दुसरीवर ५ मिलीत २५०, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्सच्या बाटलीवर १ मिलीत १०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. छोटी बाटली म्हणजे सौम्य औषध असा समज आहे, आणि तो नेमका उलटा आहे. १८० मिलिग्रॅमसाठी पहिल्यातलं साडेसात मिली लागेल, दुसऱ्यातलं साडेतीनच्या जरा वर, आणि ड्रॉप्सचं जेमतेम १.८ मिली. कुणी सवयीने ड्रॉप्सच्या बाटलीतून साडेसात मिली पाजलं तर मुलाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. बाटली बदलली की डोस नव्याने मोजायचा. डॉक्टरांनी "पाच एमएल" सांगितलं तर कुठल्या बाटलीतलं ते त्याच वेळी विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या.

घरातला चमचा वापरू नका, प्रत्येक घरातला चमचा निराळा. बाटलीबरोबर येणारं खुणांचं झाकण किंवा सुईविना सिरिंज घ्या. बाटली आधी चांगली हलवा. तळाशी बसलेलं औषध शेवटच्या दोन डोसांत एकवटतं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप आला तर घरी औषध नाही. लगेच डॉक्टर, मध्यरात्र असली तरी. शांत झोपलेल्या मुलाला ताप आहे म्हणून उठवून औषध पाजायची गरज नसते. बर्फाच्या पट्ट्या आणि गार पाण्याची अंघोळ नको, मूल कुडकुडतं आणि ताप आत वाढतो. पातळ कपडे, पंखा, पाणी. आळीपाळीने पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन देण्याची पद्धत शेजारणींकडून ऐकली असेल. डॉक्टरांनी वेळा लिहून दिल्या असतील तरच ती करा, एरवी हिशेब हमखास चुकतो. आयबुजेसिक प्लसमध्ये दोन्ही औषधं आधीच एकत्र आहेत, तिच्यावर वेगळं कॅल्पॉल नको.

निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. ताप झपकन उतरतो म्हणून मागणारे अजूनही येतात. ॲस्पिरिनही मुलांना नाही : फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिल्यास मेंदू आणि लिव्हरला इजा करणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो.

खोकल्याच्या सिरपबद्दल आपल्या मध्य प्रदेशात वेगळं सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यातल्या परासिया भागात कोल्ड्रिफ नावाच्या सर्दीच्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं, ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असूच नये ते तपासणीत ४८ टक्क्यांच्या वर निघालं. मुलांची लघवी बंद झाली, किडन्या निकामी झाल्या. राज्य सरकारने ४ ऑक्टोबरला त्यावर बंदी घातली. त्याच सुमारास केंद्राने पुन्हा बजावलं : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं ठरावीक मिश्रण चार वर्षांखालच्यांना नको, असं तर २०२३ च्या डिसेंबरपासूनच सांगितलेलं आहे.

भेसळ घरी ओळखता येत नाही, वासाने नाही, चवीने नाही. आपल्या हातात आहे ते एवढं : पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या मनाने खोकल्याचं सिरप द्यायचं नाही. जे घ्याल त्याचं बिल घ्या आणि बॅच नंबर बिलाशी ताडून पाहा. मागच्या वेळी मोठ्याला दिलेली बाटली धाकट्याला नको. सिरप सुरू केल्यावर उलट्या झाल्या, मूल सुस्त पडलं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर बाटलीसकट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी झोपताना अर्धा ते एक चमचा मध पुष्कळदा सिरपइतकाच उपयोगी पडतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बाळघुटीतसुद्धा नाही, बोटुलिझम या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराचा धोका असतो. कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. ओव्याला माझी हरकत नाही, कापराला आहे. दोन वर्षांखाली कापूर किंवा तो असलेलं बाम नाकाला-छातीला लावू नका, आणि कापराची वडी मुलाच्या हाती लागू देऊ नका. ती गिळल्याने काही मिनिटांत झटके येतात. वाफेच्या भांड्यावर मुलाला ओणवं करणंही सोडा. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत मांडीवर घेऊन बसलं तरी भागतं.

मोठ्यांनी आल्याचा काढा, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या खुशाल घ्याव्यात.

दुकानात काय सांगायचं

"तापाचं द्या" याऐवजी चार गोष्टी सांगा : औषध कोणासाठी आणि वय काय, मुलाचं वजन किती, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि कालपासून काय काय घेऊन झालं. चालू गोळ्यांच्या स्ट्रिपांचा फोटो मोबाइलमध्ये कायम असू द्या. नावं तोंडपाठ असायची गरज नाही. ॲलर्जी असेल तर ती सगळ्यांत आधी. फार्मासिस्ट कोण आहे ते विचारायला संकोच करू नका, दुकानात तो असायलाच हवा. मोबाइलवरून दहा मिनिटांत मागवता तेव्हा हे विचारणारं कुणी नसतं, म्हणून तिथून मागवायचं तर ठरलेलं साधं औषधच मागवा.

जनऔषधी केंद्रात गोळी घटकाच्या नावानेच मिळते. स्वस्त तर असतेच, पण घटक वाचायची सवय लावायला याहून चांगली जागा नाही. दवा बाजारातून, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातून, स्वस्त पडतं म्हणून अख्खा डबा आणून ठेवणं मात्र मला पटत नाही, निम्म्या गोळ्या मुदत संपूनच निघतात.

कधी थांबायचं

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला. सर्दी बरी होत आली आणि पुन्हा थंडी वाजून ताप चढला. श्वास जोरजोरात, मुलाच्या फासळ्या आत ओढल्या जातायत. मान ताठ, उजेड सहन होत नाही, बोलणं असंबद्ध. आयुष्यात कधी दुखलं नाही असं एकदम उठलेलं डोकं. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं आणि घाम. यात दुखण्याची गोळी घेऊन वाट बघायची नाही. मध्य प्रदेशात रुग्णवाहिकेला १०८ लावा.

आणि पॅरासिटामॉल जास्त गेलं असेल, चुकून किंवा मुलाने बाटली तोंडाला लावल्यामुळे, तर सगळ्यांत मोठी फसगत अशी की पहिला दिवस फारसं काही होत नाही. थोडी मळमळ, भूक नाही, मग बरंही वाटतं. लिव्हरची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, डोळे पिवळे होतात, तोवर उशीर झालेला असतो. याला उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून लक्षणांची वाट बघू नका, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, एमवाय किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर चोवीस तास चालतो. वाटेत तो लावता येईल. औषधाने पुरळ, सूज असा त्रास झाला तर त्याची नोंद १८०० १८० ३०२४ वर करता येते. हॉस्पिटलात जाताना रिकाम्या स्ट्रिपा, बाटली आणि फ्रिजवरचा तो वेळांचा कागद पिशवीत टाका, आणि पहिल्या डॉक्टरला दोनच गोष्टी सांगा : किती मिलिग्रॅम, आणि किती वाजता.